बचत गटाचे पन्नास रुपये आणि सोमालियाचा रस्ता

२०२२ च्या उन्हाळ्यात खान्देशात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. हे आधी सांगते, कारण तो भाव नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. एरवी आमच्या गावात कोणी मदतीचा विषय काढला की समोरचा विकास सोसायटीच्या थकबाकीचा विषय काढतो. त्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मात्र घरोघरी हातात थोडा पैसा होता, आमरस-पुरणपोळीला कमी नव्हती आणि वडाखाली पत्त्यांचे डावही नेहमीपेक्षा मोठे लागत होते.

मी अमळनेरला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब लिहिते. माहेर तालुक्यातच, बोरी नदीच्या अंगाला. आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात तशी मीही आले होते. थोरल्या भावाचा मुलगा केनियात ठिबक सिंचनाच्या कामावर आहे, तोही सुट्टीवर आला होता. जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून तो तिकडचं सांगत होता. गारिसाच्या बाजूला कामाला गेला तेव्हा रस्त्याच्या कडेने मेलेली गुरं पडलेली, आणि आणखी पुढे सोमालियाच्या हद्दीकडून पायी येणारी माणसं. त्या मुलखात वर्षातून दोन पावसाळे असतात, एक मार्च ते जूनच्या दरम्यान आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. २०२० च्या शेवटापासून एकही पावसाळा धड झाला नव्हता, चौथाही वाया चालला होता. (पुढे त्याच वर्षअखेर पाचवाही गेला.)

“मग सरकार काय करतं?” माझ्या वहिनीने विचारलं. हा आपल्याकडचा पहिला प्रश्न.

तो म्हणाला, “तिकडे कित्येक भागांत सरकार पोचतच नाही. अल-शबाबवाल्या अतिरेक्यांचा ताबा आहे. ते रस्त्यावर नाकी लावून वसुली करतात. २०११ च्या दुष्काळात तर त्यांनी मदत करणाऱ्या बऱ्याच संस्थांना येऊच दिलं नव्हतं. म्हणून माणसं बैदोआला नाहीतर मोगादिशूला जातात, किंवा सीमा ओलांडून केनियातल्या दादाबच्या छावण्यांत येतात.” दादाबच्या छावण्या १९९१ पासूनच्या. नव्वद हजार माणसांच्या हिशेबाने त्या बांधल्या होत्या, २०११ मध्ये तिथे चार लाखांहून जास्त लोक राहत होते.

बचत गटाच्या बायका तिथेच पापड वाळवत होत्या. त्यांच्यातल्या एकीने मध्येच विचारलं, “त्या बी जवारीच खातस का?”

भाचा म्हणाला, हो, बैदोआच्या आसपास ज्वारीचंच रान आहे. पीठ आंबवून धिरड्यासारखं काहीतरी करतात, सकाळी तेच खातात.

आमच्याकडची ज्वारी म्हणजे दादर. तिच्यापुढे आम्ही दुसरी कुठली ज्वारी मोजतच नाही. जे लोक ज्वारी खातात ते आपल्याला कळतात, असा काहीतरी विचार त्या बायकांच्या डोक्यात आला असावा. संध्याकाळपर्यंत गावात बोलणं सुरू झालं होतं, की आफ्रिकेतल्या दुष्काळी लोकांसाठी आपण काहीतरी धाडायचं. आणि घरात हिशेबाचं कळणारी मी एकटी, म्हणून वही माझ्या मांडीवर आली.

पहिल्यांदा जे आलं ते कपडे. शाळेच्या एका खोलीत साड्या, पँटी, लग्नात आहेराला आलेले आणि कोणी न घातलेले शर्टपीस, एक मफलर, एक जोडी रबरी बूट. लोकांनी मनापासून दिलं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण कपाट मोकळं करणं आणि मदत करणं ही दोन वेगळी कामं आहेत. भाच्याने तिकडे ओळखीच्या माणसाला विचारलं तेव्हा उत्तर आलं की कपडे अजिबात पाठवू नका. केनियात जुन्या कपड्यांचा केवढा तरी मोठा बाजार आहे. तिकडे ‘मितुंबा’ म्हणतात. जगभरातून गाठोडी येऊन मोंबासाला उतरतात आणि गल्लोगल्ली स्वस्तात विकली जातात. शर्ट तिथे दारात मिळतो. आपण पाठवलेल्या शर्टाला जहाजाचं भाडं, बंदरातली जकात, छावणीपर्यंतचा ट्रक आणि पोचल्यावर निवडायला माणसं, एवढं लागणार.

मग दादरचा विषय निघाला. काही घरांनी पोतं, काहींनी पायली-दोन पायली द्यायचं कबूल केलं होतं. मी मुंबईत माल सोडवणाऱ्या एका एजंटाला फोन लावला. तो भला माणूस, हसला नाही. त्याने सांगितलं: आयात-निर्यातीचा कोड लागेल, धान्याला कीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागेल, धुरी द्यावी लागेल, न्हावा शेवाहून मोंबासाचा कंटेनर लागेल, आणि कंटेनरमध्ये वीसेक टन माल मावतो, तुमच्याकडे किती आहे? आमच्याकडे जे होतं ते एका छोटा हत्तीत बसलं असतं. त्यात मेच्या १३ तारखेला सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. ज्वारीला ती बंदी नव्हती, पण गावात बातमी पोचली ती “धान्य बाहेर जाऊ देत नाहीत” अशीच. तसंही त्या वर्षी धान्याचं जगभर बिनसलेलं होतं. सोमालियात येणारा बहुतेक गहू रशिया आणि युक्रेनमधून यायचा, आणि तिकडे फेब्रुवारीपासून लढाई सुरू झाली होती. म्हणजे पाऊस यांच्या डोक्यावरचा गेला आणि गहू दुसऱ्याच्या लढाईत अडकला.

या सगळ्यात आमच्या नानांनी तोंड उघडलं. नाना म्हणजे वडिलांचे चुलते, नव्वदीला टेकलेले. बहात्तरच्या दुष्काळात ते पाझर तलावाच्या कामावर मुकादम होते. त्या दुष्काळात, १९७३ च्या उन्हाळ्यात, महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. खडी फोडायची, माती वाहायची, आणि पोरांना सुकडी वाटायची. रेशनवर तेव्हा अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली होती.

नाना म्हणाले, “बोटमा भरीसन मिलो धाडी व्हती. आम्हले कोनी इचारं व्हतं का, तुम्हले चालस का म्हनीसन?” मिलोची भाकरी थापताना तुटायची, रंग विटकरी, चव कसली नाही. ढोरांचं खाणं माणसांना घातलं, असं तेव्हाची माणसं अजून म्हणतात. जगवलं तिनेच, हेही तीच माणसं म्हणतात, पण दुसरं वाक्य म्हणताना आवाज जरा खाली येतो.

नानांच्या त्या एका बोलण्याने दादरचा प्रश्न मिटला. पोती अमळनेरच्या बाजार समितीत लिलावाला लावली. हमालांनी हमाली घेतली नाही, आडत्याने मात्र आडत कापली आणि वर मला सांगितलं की धर्म धर्माच्या जागी. मला त्याचं वागणं आवडलं नाही, पण पावती त्याने चोख दिली.

आता उरला पैसा, आणि इथून माझं काम सुरू झालं.

तिकडे रोकड देणं आता रूढ झालं आहे. सोमालियात बऱ्याच गरिबांकडेही मोबाइलवरचं पैशांचं खातं असतं, संस्था त्यात थेट डॉलर टाकतात, आणि बाई बाजारात जाऊन ठरवते की आज पाणी विकत घ्यायचं की पीठ. बाजारात माल असेल तर हे सगळ्यात बरं. नाना बहात्तरमध्ये जे विचारत होते त्याचं उत्तर एवढं साधं आहे. पण ते पैसे आमच्या गावातून निघून तिथे पोचायचे कसे?

गावातल्यांना वाटत होतं, आक्का बँकेत आहे (मी बँकेत नाही, हे मी वर्षानुवर्षं सांगते), ती एक बटण दाबेल. मी त्यांना सांगितलं ते असं. पहिली गोष्ट, चार लोकांकडून वर्गणी काढून धर्मादाय कामाला पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे, १९५० चा, आणि नोंदलेला ट्रस्ट नसताना असा पैसा जमवायचा तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. दुसरी, गावच्या मंदिराचा ट्रस्ट आहे, पण त्याच्या घटनेत आफ्रिका नाही, आणि ट्रस्टने देशाबाहेर पैसे खर्च केले तर आयकराची सवलत अडचणीत येते. तिसरी, परदेशी पैसे पाठवायचा सरळ रस्ता एकच आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली भारतात राहणारा प्रत्येक माणूस वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू शकतो, त्यात देणगीही बसते. पण ते त्याचे स्वतःचे, त्याच्या खात्यातले, त्याच्या पॅन नंबरवरचे पैसे हवेत.

अडीच लाख डॉलर! वहीत बचत गटाच्या बायकांच्या नावापुढे पन्नास, शंभर, पन्नास, वीस असे आकडे होते.

लोकांनी तोडगे सुचवले. सगळे पैसे रिटायर झालेल्या गुरुजींच्या खात्यात टाका, ते पाठवतील. मी म्हटलं, नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात पन्नास हजारांवर रक्कम आली की ती सगळी गुरुजींचं उत्पन्न धरली जाते, त्यावर कर लागतो, आणि बाहेर पाठवताना “हे माझे पैसे” म्हणून सही त्यांनाच करावी लागते. गुरुजींनी आयुष्यभर उत्तरपत्रिकेवर सुद्धा खोटी सही केली नाही. दुसरा तोडगा पत्त्यांच्या डावावरून आला. भाच्याला म्हणा तिकडेच देऊन टाक, आम्ही इकडे त्याच्या बापाला देतो. सोपं आहे, आणि तोच हवाला आहे. १९९९ च्या परकीय चलन कायद्याचं उल्लंघन, त्याला दंड आहे. गंमत अशी की सोमालियात परदेशातल्या पोरांनी घरी पाठवलेला पैसा असाच, हवाला कंपन्यांमधून येतो. तिकडे तो उघड धंदा आहे, दुकानं आहेत, पावत्या आहेत, आणि त्याच्यावर देशातली कित्येक घरं जेवतात. मी नाही म्हटल्यावर डावावरचा एक जण म्हणाला, “आक्कानं कायदानं दुकान उघडं शे.” असू दे.

शेवटी ज्यांच्याकडे पॅन, खातं आणि इच्छा तिन्ही होतं, अशी मोजकी घरं निघाली: माझा भाऊ, गुरुजी, एक जिनिंगवाले शेठ, आणखी दोघं. त्यांनी आपापल्या नावाने पाठवायचं ठरलं. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं युरोपातलं खातं निवडलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. सोमालियाच्या खात्यात थेट पैसे पाठवायला गेलात तर बँक शंभर प्रश्न विचारेल, कारण त्या देशाचं नाव निर्बंध आणि दहशतवादाच्या याद्यांशी जोडलेलं आहे. पैसा युरोपातल्या मुख्य खात्यात गेला की प्रश्न कमी होतात.

अमळनेरच्या शाखेत परदेशी व्यवहार होत नव्हते, म्हणून जळगाव. तिथल्या बँकेतला मुलगा नवा होता. तो शिक्षणासाठीचे आणि परदेशी फिरायला जाणाऱ्यांचे अर्ज रोज करत असावा, देणगीचा अर्ज बहुधा पहिल्यांदाच बघत होता. ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज), त्यावर व्यवहाराच्या कारणाचा कोड, पॅनची प्रत, संस्थेचं नाव आणि पत्ता, खात्याचा लांबलचक क्रमांक, त्या बँकेचा स्विफ्ट कोड, आणि या वर्षात याआधी किती डॉलर पाठवले याचं हमीपत्र. गुरुजींनी त्या हमीपत्रावर “निरंक” असं वळणदार अक्षरात लिहिलं. मुलाने आत जाऊन साहेबांना दाखवलं, साहेबांनी मुंबईला मेल केला, आम्ही चहा प्यायलो. मग उत्तर आलं की संस्थेचं नोंदणीपत्र लागेल. ते संकेतस्थळावरून उतरवून आणलं. पुन्हा गेलो तेव्हा डॉलर चढला होता, जुलैत तो ऐंशीला टेकला. त्यात तार पाठवण्याचं शुल्क, चलन बदलण्यावरचा जीएसटी, आणि मधली परदेशी बँक स्वतःचं काय कापेल ते वेगळंच. गुरुजींनी पाच हजार दिले होते, त्यातला शुल्काचा भाग बघून ते गप्प बसले. शेठजींच्या रकमेत तो जाणवलाही नाही. आयकरातून सूटही मिळणार नव्हती, ऐंशी-जी कलमाची सूट फक्त इथल्या संस्थांच्या देणगीला होती. हे मी आधीच सांगितलं होतं. शेठजींनी तरी दिले, याची इथे नोंद असावी, कारण एरवी मी त्यांच्याबद्दल चांगलं फार बोलत नाही.

बायकांचे पैसे मात्र वहीतच होते. गटाच्या सचिवबाईंची मुलगी कॉलेजात शिकते, तिने सुचवलं की संस्थेच्या संकेतस्थळावर कार्डाने देता येतं. पण २०२० पासून नवं कार्ड परदेशी व्यवहाराला बंदच मिळतं, ते ॲपमध्ये जाऊन सुरू करावं लागतं. तिचं व्हिसाचं होतं, ते चाललं. आईने तिच्या खात्यात दिलेले पैसे, तिने स्वतःच्या नावाने दिलेली देणगी, त्यात कायद्याला काही अडचण नाही. अशी पोरासोरांची कार्डं असलेली काही घरं निघाली. बाकीच्यांकडे जनधनचं रुपे कार्ड, ते त्या संकेतस्थळाने घेतलं नाही. एका बाईने माझ्यासमोर पुन्हा पुन्हा नंबर टाकायला लावला, तिला वाटत होतं की माझं बोट चुकतंय.

त्याच सुमारास नानांच्या पेटीत जुनी पत्रं बघताना एका पाकिटावर एक जादा तिकीट दिसलं. पाच पैशांचं, ‘रेफ्युजी रिलीफ’. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणसं भारतात आली, तेव्हा सरकारने १५ नोव्हेंबरपासून टपालावर हे तिकीट सक्तीचं केलं होतं, ते १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत चाललं. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडणारा माणूस मुंबईच्या भावाला पाकीट धाडत होता तेव्हाही, तो निर्वासितांसाठी पाच पैसे भरत होता. नानांना ते आठवतही नव्हतं. “टपालवाला मांगे, आम्ही दी टाकेत.”

मला त्या तिकिटाचा राग आला. पन्नास वर्षांपूर्वी पाच पैशांना एक रस्ता होता. खेड्यातल्या पोस्टाच्या खिडकीतून निघून तो थेट छावणीपर्यंत जात होता, पॅन नाही, कोड नाही, स्विफ्ट नाही. सक्ती होती हे मान्य, आणि पैसा बाहेर जायचाच नव्हता, निर्वासित आपल्याच देशात आले होते, हेही मान्य. पण आज अडीच लाख डॉलरवाल्याला राजरस्ता आणि पन्नास रुपयेवालीला पायवाटसुद्धा नाही, हे मी याच धंद्यात असून मला तोवर दिसलं नव्हतं, कारण पन्नास रुपयेवाली कधी आमच्या ऑफिसात येत नाही. कायदे कशासाठी आहेत ते मला कळतं. दहशतवाद्यांकडे पैसा जाऊ नये म्हणून आहेत. पण त्या बाईच्या पन्नास रुपयांनी कोणाच्या हातात बंदूक गेली असती?

गटाने बैठक घेतली. बाहेर जात नाही तर इथे लावू, असं ठरलं. इथे म्हणजे कोणाला, यावर बरंच बोलणं झालं. दिवाळीच्या आगेमागे आमच्या शिवारात कापूस वेचायला सातपुड्यातून पावरा-बारेला आदिवासी कुटुंबं येतात, काही महाराष्ट्रातली, काही सेंधवा-खरगोनकडची मध्य प्रदेशातली. वेचणी संपली की काही तशीच पुढे गुजरातेत ऊसतोडीला जातात. शेताच्या बांधावर पाल टाकून राहतात. त्यांना निर्वासित म्हणत नाहीत, मजूर म्हणतात. त्यांच्या डोंगरात पाणी फेब्रुवारीलाच आटतं आणि घरं रिकामी पडतात.

कपड्यांची खोली तशीच भरलेली होती, म्हणून गटातल्या काहींचं म्हणणं पडलं की कपडे त्यांनाच वाटू. मी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, आधी विचारा.

मग सचिवबाई आणि मी पालांवर गेलो. त्यांच्यातल्या एका म्हातारीने गाठोडी उलगडून बघितली, पोरांचे स्वेटर आणि दोन गोधड्या काढून घेतल्या, बाकीचं परत बांधून दिलं. साड्या आमच्या नेसायच्या नाहीत, म्हणाली. काय पाहिजे म्हटल्यावर पहिलं उत्तर बॅटरी. रात्री पालात साप निघतात, बाई-माणसाला बाहेर जायचं तर उजेड नाही. दुसरं, रेशन. कार्ड गावाकडचं आहे, इकडचा दुकानदार हाकलून देतो. एक देश एक रेशन कार्ड योजनेत कुठलंही कार्ड कुठेही चालायला हवं, आणि महाराष्ट्र-मध्य प्रदेश दोन्ही त्यात आहेत. आम्ही त्यांच्यासोबत दुकानात गेलो. मशीनवर अंगठा उमटेना, कारण कापूस वेचून बोटं झिजलेली, बोंडाच्या काट्यांनी चिरलेली. तर्जनी, मग अनामिका, मग घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा. उमटला. दुकानदार म्हणाला, “ताई, मला हे माहीत नव्हतं.” माहीत होतं. पण धान्य मिळालं म्हणून मी वाद घातला नाही.

बॅटऱ्या गटाच्या पैशातून घेतल्या, चार्ज करायच्या, आणि त्या चार्ज करायला संध्याकाळी अंगणवाडीचं बटण वापरायचं ठरलं. त्या निमित्ताने पालातली पोरं अंगणवाडीत यायला लागली. अंगणवाडीताईंनी पर्समधून कागदी पट्टा काढून एकेकाचा दंड मोजला. हिरवा, पिवळा, लाल. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. भाच्याने मला दादाबकडचा एक फोटो पाठवला होता, त्यात एका नर्सच्या हातात असाच पट्टा होता, तेच रंग, तेच माप. तिकडे लाल निघालेल्या पोराला शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं घातलेली पेस्ट देतात, ९२ ग्रॅमच्या पुडीत ५०० कॅलरी. शेंगदाणा आमच्या रानातलंच पीक, म्हणून ही गोष्ट गटाच्या बायकांना मी सांगितलेल्या बाकी कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त लक्षात राहिली.

आमच्याकडे एक पोरगी लालमध्ये निघाली. तिला जळगावच्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं म्हटलं तर बाप तयार नव्हता, वेचणीचे दिवस, आई गेली की अर्धी मजुरी गेली. अशा आईला बुडीत मजुरी मिळते हे ताईंनी सांगितलं. ती मिळेपर्यंतची रक्कम गटाने दिली. पोरगी गेली, वजन वाढवून परत आली. पुढच्या हंगामात ते कुटुंब आमच्याकडे आलं नाही, दुसऱ्या गावाला गेलं असेल.

तिकडचं काय झालं ते कळत राहिलं. तिथे ‘दुष्काळाने उपासमार’ जाहीर करायचं मोजमाप ठरलेलं आहे: पाचातल्या एका घरात अन्नाची पराकोटीची टंचाई, शंभरात तीस मुलं तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू. २०११ मध्ये २० जुलैला ते जाहीर झालं होतं, त्या दुष्काळात अडीच लाखांवर माणसं गेली. २०२२ मध्ये बैदोआच्या भागात ते जाहीर होईल असा इशारा होता, पण मदत वाढली आणि झालं नाही. आपल्याकडे पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी आकडा, पन्नासच्या आत आली की नाही यावर जशी भांडणं होतात, तशी तिकडेही होतात. २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या अंदाजात मात्र त्या एका वर्षात ४३ हजार जादा मृत्यू मोजले होते, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची मुलं. जाहीर न झालेल्या गोष्टीचा हा आकडा. गुरुजींना मी तो वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, मग आपले पैसे उशिरा गेले. कोणाच्या पैशाने काय झालं हे असं काढता येत नाही, मी म्हटलं. ते ऐकत नव्हते.

मग २०२३ आलं. एल निनोचं वर्ष, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून जगभरचा पाऊस बिघडतो तसलं. आमच्याकडे ऑगस्ट सबंध कोरडा गेला, ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात खान्देशातले चाळीसगाव, शिंदखेडा आणि नंदुरबार होते. अमळनेर नव्हतं, त्यावर मोर्चे-निवेदनं झाली. आणि त्याच एल निनोने तिकडे, जिथे पाच पावसाळे कोरडे गेले होते, तिथे पूर आणला. दुष्काळाने उठलेली माणसं छावण्यांत येऊन राहिली होती, त्यांच्या झोपड्यांत पाणी शिरलं. भाच्याचा फोन आला, आत्या, आता इकडे पाणीच पाणी आहे.

कापूस त्या दिवाळीत सात हजारांच्या आसपास रेंगाळत होता. आखाजीच्या वेळचा उत्साह कोणात उरला नव्हता, आणि मीही वही काढली नाही. शेठजींनी विषय टाळला. गुरुजी मात्र पेन्शनच्या दिवशी ऑफिसात आले, पिशवीतून पॅनची प्रत, पासबुक आणि गेल्या वेळच्या ए-टू फॉर्मची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. आम्ही जळगावला गेलो. तोच मुलगा अजून तिथे होता, या वेळी त्याने मुंबईला विचारलं नाही, कोड त्याला पाठ होता. शुल्क गेल्या वेळेपेक्षा वाढलेलं होतं. गुरुजींनी ते विचारून घेतलं, पाच हजारांत तेवढी रक्कम मिळवली आणि म्हणाले, आता तिकडे पूर्ण पाच पोचतील ना? मधल्या बँकेचं मला अजूनही सांगता येत नव्हतं.